कमानीवरची बाजरी

आश्विनातल्या सकाळी आमच्या वाडीच्या चर्चमध्ये पाऊल टाकावं, तर आधी येतो तो नव्या बाजरीचा वास; मेणबत्तीचा मागाहून. दारावरच्या कमानीतून कोवळं ऊन आत उतरतं, सतरंजीवर पसरतं आणि टाळांच्या साथीनं भजन सुरू होतं. कमान घोड्याच्या नालेसारखी, खाली जराशी आत वळलेली. तिसगावकडच्या मुसलमान गवंड्यांनी ती बांधली, असं जुनी माणसं सांगतात. पुढे एका पुस्तकात स्पेनमधल्या मोझारॅबिक चर्चचं चित्र पाहिलं. मुसलमानी अमलात राहिलेल्या ख्रिस्ती लोकांनी शेजाऱ्यांच्या धाटणीच्या कमानीखाली आपली प्रार्थना मांडली होती. अगं बाई, हे तर आपलंच दार, असं माझ्या तोंडून निघून गेलं.

यंदा पंचांनी ती कमान पाडायचं ठरवलं. चर्च कसं चर्चसारखं दिसलं पाहिजे म्हणे, उंच, टोकदार दाराचं. पंचांचे प्रमुख दानियलअण्णा. त्यांच्यापुढे बोलायची कुणाची टाप? मी एवढी शाळेतली बाई, पण मीही मूग गिळून बसले. जीव मात्र तीळतीळ तुटत होता. याच कमानीतून मी नवरी होऊन आत गेले होते आणि याच कमानीतून वडिलांना शेवटचं बाहेर नेलं होतं.

सुगीच्या उपासनेला पहिल्या कणसांची जुडी कमानीच्या कडीला बांधायची आणि चिमण्यांनी शेवटचा दाणा टिपेपर्यंत कमानीला हात लावायचा नाही, ही आमची रीत. आईनं यंदाही जुडी बांधली. दुसऱ्या दिवशी गवंडी आले, तेव्हा अण्णा वर पाहून म्हणाले, "दाने हायेत अजून. चिमन्यांचं होऊ द्या."

पंधरवडा उलटला, तरी जुडी रिती होईना. आई रोज सकाळी पदराआड काय नेते, ते मला ठाऊक होतं. विचारायची हिंमत मात्र झाली नाही. मग ती तापानं अंथरुणाला खिळली. दोन दिवस तिच्या उशाशी गेले आणि तिसऱ्या सकाळी एकदम जुडीची आठवण झाली. चार कणसं घेऊन मी चर्चकडे धावले.

कमानीला शिडी लावलेली होती. शिडीवर दानियलअण्णा, धोतराचा सोगा खोचून, जुडीत ताजी कणसं खोवत होते. मला पाहून ते ओशाळले. त्यांचीही नवरी कधीकाळी याच दारातून आत आली असेल, हे इतक्या दिवसांत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"आईला सांग," ते हळूच म्हणाले, "दाने हायेत अजून."

मी माझी चार कणसं त्यांच्या हाती दिली आणि शिडी धरून उभी राहिले.