डाळ मामाची, पालक माझा

मोबाइलवर मामाचं नाव दिसलं म्हणून उचलल्याबरोबर सांगून टाकलं, "पेली ना मामा, दोन बाटल्या." इथं सुरतेत आमची जेवणाची सुट्टी झाली की तो रोज हेच विचारायचा, पानी पेली काय. पण त्या दिवशी पलीकडे मामी होती. म्हणाली, "तुहा मामा गेला वं बाई. सकायी उठलाच नाई."

बाप लवकर गेल्यावर मामानं मला त्याच्या घरी, आसेगावला नेलं. शाळेच्या कागदावर पालक म्हणून सही त्याचीच. आठवीत शाळा सुटली, लग्न झालं, इकडं येऊन साड्यांच्या घड्या घालायला लागले. कामावर संडास लांब, म्हणून पाणीच कमी प्यायचे. मुतखडा झाला. डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी प्या, मीठ कमी, पालक बंद. खडा नाही पडला तर ऑपरेशन. परक्या गावात ऑपरेशन! रडतच मामाला फोन केला.

"पालक बंद सांगतला?" तो म्हणाला. "मंग मी कोन आहो तुहा?"

रडता रडता हसू आलं. त्याचाही तेव्हा पायाचा अंगठा सुजून लाल झाला होता. युरिक ॲसिड वाढलेलं. मटण बंद, डाळ बेतानं. आमच्याकडं लग्न असो की तेरवी, पालक घालून शिजवलेल्या डाळभाजीशिवाय पंगत होत नाही. मामा म्हणाला, "आयक. त्यातली डाळ माही, पालक तुहा. दोघंबी सोडू. जो पयले खाईन, तो दुसऱ्याले मोकया करन."

त्याला डाळ बेतानं चालली असती. पण मी घाबरट, एकटीनं पथ्य पाळणार नाही, हे तो ओळखून होता. पंगतीत नुसता ताकभात घेऊन बसायचा. सोबती चिडवायचे, "भाचीच्या खड्यानं मामा उपाशी." हा म्हणायचा, "म्या खाल्ली त तिकडं तिचा खडा हालन ना." हे मामीनं मला फार उशिरा सांगितलं. खडा ऑपरेशनशिवाय पडला तेव्हा मी म्हटलं, मामा, आता खाय. "पुन्हा होते म्हनते ना डॉक्टर? चालू दे."

तेरवीला गेले. मामीनं त्याच्या नावाचं ताट वाढलं, त्यात वाटीभर डाळभाजी. मी बघतच राहिले.

"आता कायचं पथ्य त्याले," मामी म्हणाली. "खाऊ दे पोटभर. त्यानं तोडलं, तूबी मोकयी झाली." आणि पळी भरून माझ्याकडं वाकली.

खडा पुन्हा झाला तर आता फोन कुणाला करायचा... मी पत्रावळीवर हात आडवा धरला.

"माह्या वाट्याची बी त्यालेच वाढ, मामी."

तिनं पळी तशीच वळवून त्याच्या वाटीत ओतली. वाटी काठोकाठ भरली, थोडी ताटात सांडली. मामीनं ती पुसली नाही.