पट्टा-बिल्ल्यातला फोटो

माझ्या भासऱ्यांइतका कायदा पाळणारा, आणि पाळता पाळता कायद्यालाच घाम फोडणारा माणूस आमच्या तालुक्यात दुसरा झाला नाही. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. फोटोग्राफर होते. जिथे पाटी दिसेल तिथे थांबून ती मोठ्याने वाचायची आणि अक्षरन्‌अक्षर पाळायची, हा त्यांचा नेम. पोस्टात ‘रांगेने यावे’ असं लिहिलेलं होतं, तर खिडकीवर चिटपाखरू नसलं तरी हे दोन हात मागे उभे राहून आपली पाळी यायची वाट पाहत. आतला बाबू ओरडे, “या ना, कोणाची वाट पाहून राह्यले?” हे म्हणत, “रांगेची.”

फोटोचाही त्यांचा एक हट्ट होता. माणूस कामात असेल तरच त्याचा फोटो काढायचा. खुर्चीत बसवून, केसांना तेल लावून, बाजूला फुलदाणी ठेवून फोटो काढणं त्यांना पसंत नव्हतं. “काम करताना माणसाले चेहरा असते,” ते म्हणत, “बाकी वेळी नुसतं डोस्कं.” मारेगावच्या बाजारात त्यांनी न्हाव्याचा फोटो काढला तेव्हा गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर तासभर बसून होतं. आमच्या सुईणीला मोकळ्या हाताने बसवायला ते तयार नव्हते, म्हणून शेजारणीचं तान्हं मूल आणवलं. ते फोटोच्या आधी सुईणीवर आणि नंतर भासऱ्यांच्या धोतरावर मुतलं. असा माणूस धंद्यात काय कमावणार? आमच्या घराच्या चुलीचा खर्च माझ्या नवऱ्याच्या पगारावर चाले. तो तहसील कचेरीत चपराशी होता.

त्या काळी आमच्यात सून भासऱ्याशी बोलत नसे. पदर पुढे ओढायचा आणि दाराआड व्हायचं. सासू होती तोवर निरोप तिच्यातून जात. ती गेल्यावर आम्ही म्हशीतून बोलायला लागलो. भासरे अंगणात म्हशीजवळ उभे राहून म्हणायचे, “म्हशे, आज वरणात मीठ नव्हतं वं.” मी आतून म्हणे, “म्हशे, ज्याले पाहिजे त्यानं हात लांबवून घ्यावं. कोणी हात बांधले?” म्हैस बिचारी रवंथ करी. माझा नवरा मधे बसून हसे. तो म्हणे, “ही म्हैस बोलली असती तर तुमा दोघायचं घर सोडून गेली असती.”

नवऱ्याला एकच हौस होती. लाल पट्टा आणि पितळी बिल्ला घातलेला आपला फोटो असावा. लग्नात आमचा फोटो निघाला नव्हता. खेड्यात तेव्हा कुठले फोटो? पण पट्टा-बिल्ला संध्याकाळी कचेरीतच ठेवावा लागे. कचेरीचं सामान सांभाळणारा नाजर स्वतः कपाटात ठेवून कुलूप लावी. म्हणजे फोटो काढायचा तर कचेरीतच. आणि कचेरीच्या आत खजिना, बंदूकवाला पहारेकरी, आणि चीनच्या लढाईनंतर दारावर नवी पाटी लागलेली: आत फोटो काढण्यास सक्त मनाई आहे. मी एकदा म्हटलं, “म्हशे, पट्ट्याबिगर काढा म्हणा ना. घरी काढा.” तर दोघेही भाऊ एका सुरात नाही म्हणाले. एकाला पट्टा पाहिजे होता, दुसऱ्याला काम.

भासऱ्यांनी पाटी तीनदा वाचली. मग रस्त्याच्या कडेला, फाटकाबाहेर तिपाई लावली. तिथून कचेरीचा दरवाजा सरळ दिसे. नवरा साहेबांसाठी पाण्याचा गिलास घेऊन दारात आला, थबकला, आणि भासऱ्यांनी डबा-कॅमेऱ्याच्या भिंगावर मान वाकवून बटण दाबलं. पहारेकरी ओरडला. नवरा आत पळाला. साहेब बाहेर आले.

“पाटी वाचता येत नाही?”

“येते ना साहेब. म्हणूनच बाहेर उभा हावो. मी बाहेर, डबा बाहेर, तिपाई बाहेर. आत गेली ते नुसती नजर. तिले अटक करता का?”

फाटकावरचे लोक हसले. तिथेच घोटाळा झाला. चारचौघांत हसू झालेलं साहेबाला सोसत नाही. ते म्हणाले, “रोल इकडे द्या. यवतमाळला धुवून घेतो. त्यात आमचा जो माणूस दिसेल, तो उद्यापासून घरी बसेल.”

भासऱ्यांनी डबा उघडला, रोल ओढून काढला आणि वैशाखाच्या उन्हात सगळा लांब करून धरला. “पाहा साहेब,” ते म्हणाले, “कोणीच नाही यात.”

त्याच रोलवर एका लग्नाचे फोटो होते; ऊन लागून तेही पुसले गेले. नवरीच्या बापाने घरी येऊन भासऱ्यांना काय काय शिव्या दिल्या त्या लिहिण्यासारख्या नाहीत. नवरा मात्र हसत होता. “भाऊनं आज मले उन्हात जाळलं,” म्हणाला. “जाऊ दे. पुन्हा काढू. भाऊ कुठं पळून चालला?”

भाऊ पळाला नाही, नवराच गेला. पावसाळा संपता संपता विषमज्वर झाला आणि नवव्या दिवशी संपला. नोकरी वाचली, माणूस गेला. उचलायच्या आधी लोक म्हणाले, निदान आता तरी फोटो काढा, बाईजवळ काहीतरी राहील. भासऱ्यांनी तिपाई आणली, लावली, भिंगात पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले. मग डबा बंद करून म्हणाले, “हा कामात नाही.” लोकांनी त्यांना नावं ठेवली. मीही ठेवली असती. पण आमचं बोलणं नव्हतं. रुसायलासुद्धा बोलणं लागतं.

पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. भासरे अंगणात तिपाई पुसत बसले होते. म्हैस चरायला गेली होती. मी दारात उभी राहिले आणि सरळ विचारलं, “पट्ट्यात कसे दिसत होते?” मी कधी पाहिलंच नव्हतं. बायका कचेरीत जात नसत.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. म्हैस नव्हती. मग खाली मान घालून, भिंगात पाहावं तसं जमिनीकडे पाहत ते सांगायला लागले. “बिल्ला कलला होता. मी हातानं खुणावलं, सरळ कर. त्यानं टोपी सरळ केली, बिल्ला तसाच. तोंड दाबून हसून राह्यला होता, पहारेकरी पाहीन म्हणून. उजव्या हाती साहेबाचा गिलास.”

“पाणी सांडलं?”

“एक थेंब नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हशीला म्हणाले, “म्हशे, चहा झाला का वं?” मीही म्हशीलाच सांगितलं, झाला म्हणून. नंतर ते मरेपर्यंत आम्ही एकमेकांशी सरळ बोललो नाही.

त्यांचाही फोटो घरात नाही. काढणारे तेच, त्यांचा कोण काढणार? नातवंडं विचारतात तेव्हा मी सांगते. धोतराचा सोगा कमरेला खोचलेला, मान खाली डब्यात, एक डोळा मिटलेला, डावा हात वर: हलू नका.