उचक्या देणारा ट्रक

आई निवृत्त होऊन जामखेडहून माझ्याकडे भिंगारला राहायला आली, तेव्हा मला वाटलं होतं, ती कुंड्यांत काहीतरी लावेल, फार तर शेजारच्या मुलांची शिकवणी घेईल. तिनं ट्रक चालवायला घेतला.

खरा नव्हे, कॉम्प्युटरवरचा. मी एका छोट्या कारखान्यासाठी यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग्ज घरूनच करते, त्यामुळे माझा कॉम्प्युटर तसा दणकट आहे. कामाचा कंटाळा आला की मी त्यावर ट्रकचा एक गेम खेळायचे. माल भरायचा आणि परदेशातल्या रस्त्यांवरून दूरच्या गावी पोचवायचा, एवढंच. आई आधी मागं खुर्ची टाकून बघत बसायची. मग सूचना द्यायला लागली. आणि एके दिवशी दुपारी मी भांडी आवरून आले तर ती माझ्याच खुर्चीत, चष्मा नाकावर खाली ओढून, बाणांची बटणं दाबत बसलेली. तिनं जन्मात स्कूटीही चालवली नव्हती.

आई ट्रक चालवताना बोलतही असे. सगळी नोकरी प्राथमिक शाळेत गेलेली, समोर कुणी नसलं तरी तिला वर्ग दिसायचा. "आता आपण वळणार आहोत. वळण्यापूर्वी काय करावं? आरशात बघावं." हे ऐकून मी हसून हसून बेजार व्हायचे. म्हटलं, रेकॉर्ड करून मावशीला पाठवू. मावशी ही आईची धाकटी बहीण. तिचं लग्न लवकर झालं आणि ती जामखेडजवळच्या एका शेतकरी घरात गेली. घरचा ट्रॅक्टर ती स्वतः चालवते, त्यामुळे गाडी या विषयात तिच्या मताला आमच्याकडे किंमत आहे.

व्हिडिओ गेला आणि थोड्याच वेळात मावशीचा फोन आला.

"आक्के, गाडी चालवतीस का तिला उचक्या लागल्यात? आत्ता हितं दिसती, की लगेच पार तिकडं! मधला रस्ता कुठं गेला?"

आई ताठ बसली. "माझी गाडी लोण्यासारखी चालते."

"मला तर बेडकावानी चाललेली दिसली."

मी व्हिडिओ लावून पाहिला. मावशीचं खरं होतं. गंमत म्हणजे आईचंही खरं होतं. खेळताना पडद्यावर ट्रक झुळझुळ जायचा, पण तोच रेकॉर्डिंगमध्ये ठेचकाळत, थांबत, उड्या मारत होता. आईला ही तांत्रिक बाब वाटेना. तिच्या मते ही बदनामी होती. "आधी हे दुरुस्त कर. तोवर मी माल भरणार नाही," तिनं जाहीर केलं.

मला वाटलं, मावशीचा फोन जुना, त्यात अडकत असेल. पण माझ्या कॉम्प्युटरवरही तेच. मग मी बाकीचे सगळे प्रोग्रॅम बंद केले, उगाच उघडी ठेवलेली पानं बंद केली. काही फरक नाही. मग कॉम्प्युटर गॅलरीत नेऊन उघडला आणि रंगाच्या ब्रशनं आतली धूळ काढली. एवढी निघाली की आई म्हणाली, "कॉम्प्युटर आहे का पिठाची गिरणी?" धूळ गेल्यावर पंख्याचा घोंघाट कमी झाला, पण ट्रकच्या उचक्या काही थांबल्या नाहीत.

मग मी गेममधलं चित्र साधं केलं. सावल्या बंद केल्या, दूरची झाडं काढून टाकली. आई खेळायला बसली आणि दचकली.

"झाडं कुठं गेली?"

"काढली. कॉम्प्युटरवरचा भार कमी केला."

"अगं, नुसती माती दिसतेय. एवढ्या लांब परदेशात येऊन मी जामखेडलाच आले की!"

आणि इतका दुष्काळ पाडूनही व्हिडिओ अडकायचा तो अडकतच होता. तेव्हा मात्र मला चीड आली. लोकांसाठी मी दातेरी चक्रं काढते, कॉम्प्युटर हे माझं पोट, आणि आईचा एक ट्रक मला सरळ चालवता येईना!

शेवटी डोकं शांत ठेवून रेकॉर्डिंग चालू केलं आणि त्या सॉफ्टवेअरच्या खिडकीकडे नीट पाहत बसले. तळाशी लाल अक्षरात एक ओळ होती. ती पहिल्या दिवसापासून तिथं असणार, पण मला नुसता ट्रकच दिसत होता. व्हिडिओ तयार करायचं काम झेपत नाहीये, त्यामुळे मधली चित्रं गाळली जाताहेत, असं तिथं चक्क लिहिलेलं होतं. दर सेकंदाला साठ चित्रं लागतात, तिथं कधी जेमतेम चार-पाच हाती लागत होती, कधी दोन-दोन सेकंद एकही नाही.

मी आईला समजावलं, "कॉम्प्युटरचा जो मुख्य प्रोसेसर आहे ना, तोच गेम चालवतोय, आणि तोच व्हिडिओही बनवतोय."

आईला ते लगेच पटलं. "म्हणजे एकशिक्षकी शाळा. चौथीला भागाकार घालायचा, पहिलीची नाकं पुसायची आणि एक डोळा खिचडीवर. काहीतरी करपणारच. दुसरा शिक्षक नाही का देत?"

दुसरा होता. पडद्यावरची चित्रं काढणाऱ्या माझ्या ग्राफिक्स कार्डात व्हिडिओ बनवण्यासाठी वेगळी सोय होती आणि ती नुसती बसून होती. सेटिंगमध्ये जाऊन मी ते काम तिच्याकडे दिलं. तरी मधेच एखादी उचकी लागायची, कारण गेम हावरटासारखा त्या कार्डाची सगळी ताकद खात होता. त्यालाही सेकंदाला साठ चित्रांचीच मर्यादा घातली. लाल ओळ गेली. सावल्या आल्या, झाडं परत आली. आईनं माल भरला आणि मी रेकॉर्डिंग लावलं.

व्हिडिओ असा तुळतुळीत झाला की बघत राहावं. आम्ही तो मोठ्या अभिमानानं मावशीला पाठवला.

फोन आला. "आता बेस दिसतंय. आक्के, त्या लाल गाडीला घासलीस व्हय गं?"

"ती मधे आली."

"ती हुबी हुती. आन् समोरनं येणारे समदे हारन का वाजवत हुते?"

"ओळख देत होते."

आता मी व्हिडिओ पुन्हा पाहिला आणि डोक्याला हात लावला. तिकडं रस्त्याच्या उजव्या बाजूनं गाडी चालवतात. आई आपल्याकडच्यासारखी बेधडक डावीकडून चालली होती, समोरून येणाऱ्यांच्या अंगावर. नाक्यावरचा आडवा दांडा तिनं तोडला होता, आणि एका वळणावर ट्रक थेट कुणाच्या तरी कुंपणातून गेला होता. वर तिचा आवाज, "सावकाश जावे, सुखरूप पोचावे." खेळताना मी तिचं बोलणं ऐकून हसत राहायचे, रस्त्याकडे कोण बघतंय? आणि आधीच्या व्हिडिओत हे सगळे पराक्रम गाळलेल्या चित्रांमध्ये गडप व्हायचे.

आईनं कुंपणाची जागा दोनदा मागं नेऊन पाहिली. मग हळूच म्हणाली, "ते आधीचं सेटिंग परत नाही का लावता येत?"

पुढच्या आठवड्यात मावशी शेंगांची पिशवी घेऊन एसटीनं भिंगारला हजर झाली. चहाही न घेता कॉम्प्युटरपुढे बसली आणि विचारलं, "स्टेरिंग कुठाय?" मी बाण दाखवले. "ह्या चार बटनांवर टरक? लेकराचं खेळनंच हाय की." पण उठली नाही. ट्रक तिनं अगदी बरोबर बाजूनं चालवला. फक्त ट्रॅक्टरच्या वेगानं. मागं गाड्यांची ही रांग लागली, सगळे कर्कश हॉर्न मारताहेत, आणि मावशी शांत. "घाई आसंल त्यानं काल निघायचं."

आई शेजारी उभी राहून शिकवत होती. "आरशात बघ."

"बघितलं."

"काय दिसलं?"

"तू. लई बोलतीस."

ते रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. ट्रक कुठंही अडकत नाही, झाडाचं पान न् पान दिसतं, आणि बहिणींचं भांडण इतकं स्वच्छ आलंय की त्यात आईनं लहानपणी मावशीची पाटी फोडल्याचाही उल्लेख आहे. मावशी दोन दिवसांसाठी आली होती. गेली चांगली आठवड्यानं, तीही माल पोचता केल्यावर.