झाडून घेतलेला माळ

एखाद्या जागेवर बांधकाम होण्याआधी तिथे काय उगवतं, काय उडतं आणि काय सरपटतं ते लिहून देणं हे माझं काम. लोकांना ते काम वाटत नाही. माझ्या सासऱ्यांना तर मुळीच वाटत नाही.

गेल्या उन्हाळ्यात अमडापूरच्या अलीकडे एका गावात गेलो होतो. तिथल्या ई-क्लासवर, म्हणजे गुरं चरायच्या सरकारी माळावर, धान्याचं गोदाम व्हायचं होतं. सरपंचबाईंनी त्यासाठी तीन वर्षं तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. मी दोन दिवस आधी 'पाहणीला येतो' असा निरोप धाडला, ही माझी घोडचूक. आपल्याकडे पाहणी म्हटलं की लोक आधी झाडू उचलतात.

पोचलो तर माळ चकाचक. झुडपं छाटलेली, वारुळं सपाट, बिळं बुजवलेली, दगडांना चुना. मधोमध सतरंजी, खुर्ची आणि पोह्यांचं पातेलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे काय केलंत?"

"काल अख्खं गाव राबून राह्यलं होतं, साहेब," सरपंचबाई कौतुकाने म्हणाल्या. "एक काडी ठेवली नाही."

दोन तास उन्हात फिरलो. वहीत नोंद झाली ती एका कावळ्याची, आणि तोही पोह्यांसाठी आला होता. मग मी चिडून बोललो, "लिहून टाकतो, इथे काही नाही. शेजारच्या गावाची यादी दोन पानं भरली होती."

"त्यायची दोन पानं?" एक आजोबा काठी टेकत उठले. "अन् आमचा कावळा? लिवा साहेब, ससे."

"कोल्हे लिवा."

"घोरपड. मले तं मागच्या हप्त्यात आडवी गेली."

अर्ध्या तासात एकाने घरातून साळिंदराचा काटा आणला, दुसऱ्याने वर्तमानपत्रात बांधून लेंड्या. त्या कुणाच्या, यावर दोघांची जुंपली. तिसऱ्याने वाघ सुचवला, त्याला सगळ्यांनी मिळून खाली बसवलं.

सरपंचबाई मात्र माझ्या वहीजवळ सरकल्या. "जनावर निंघालं तं गोदाम जाते का हो?" त्यांनी हळूच विचारलं.

"जागा सरकवावी लागते. कधी कधी कामच अडतं," मी खरं ते सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, पण माझा राग काही पुरता गेला नव्हता.

मी निघालो तशा त्या मला नाल्याकडच्या कोपऱ्यात घेऊन गेल्या. तेवढा तुकडा कुणीच झाडला नव्हता. जवळ जाताच एक टिटवी ओरडत थेट अंगावर आली. बाईंनी पदर डोक्यावर ओढला आणि हात जोडले, "हो माय, जातो."

खड्यांमध्ये चार अंडी होती, खड्यांसारखीच.

"ते बसेल होती, म्हणून इथं झाडू लावू देला नाही," त्या म्हणाल्या. "तुमाले दाखवू का नको, सकाळपासून माह्यं ठरूनच नव्हतं राह्यलं." थोडं थांबून म्हणाल्या, "लिवा आता."

मला एकदम लाज वाटली. मी खाली बसून लिहू लागलो. मान वर केली तेव्हा सरपंचबाई भर उन्हात माळावर पावलं मोजत होत्या, गोदाम टिटवीपासून कितपत लांब सरकतं ते बघायला.