बँड मोडल्यानंतरचा बँजो

टोकियोजवळ ग्योतोकुला आमच्या खालच्या मजल्यावर एक जपानी बँजोवाले राहतात. त्यांचा कंट्री-रॉक बँड कधीच मोडला. गायिका आता लहान मुलांची गाणी करते, ड्रमर देवळात ढोल वाजवतो आणि बँजोवाले स्वतः शामिसेन हे तीन तारांचं जपानी वाद्य वाजवणाऱ्या एका आजींबरोबर नवी गाणी बसवतात. जुनं गाणं कुणी मागितलं, की मान खाली घालून तारा जुळवत राहतात.

फुनाबोरीच्या मराठी मंडळाच्या गणपतीत मीच त्यांना बोलावलं. आमच्या निवेदकाने जुन्या बँडचं नाव घेऊन त्यांचं जुनं गाजलेलं गाणं मागितलं. टाळ्या संपेपर्यंत ते थांबले.

"बँड मोडला," ते म्हणाले, "आम्ही नाही मोडलो."

मी ते मराठीत सांगितलं. त्यांनी नवं गाणं धरलं, तसा निम्मा हॉल जेवायला उठला. चिडलो मी, ते नाही. गाणं संपवून त्यांनी रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं आणि तेच नवं गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.