जावयाच्या मोटरसायकलचा भाव

कवळीवाल्याला माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, तोंडं राहत. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून त्याने उभा जन्म लोकांसाठी दात केले होते. खोलीला एकच खिडकी, तीही समोरच्या भिंतीकडे तोंड करून. टेबलावर प्लास्टरची धूळ, मेणाच्या गुलाबी पट्ट्या, घासायचं चाक, आणि सगळ्यावर कवळीच्या मसाल्याचा उग्र वास. तो त्याच्या शर्टात शिरला होता, वहाणांत शिरला होता आणि बायकोच्या मते बोलण्यातही शिरला होता. दिवसभर जबड्यांचे साचे बघून बघून त्याचं माणसांविषयी एक मत झालं होतं. ते चांगलं नव्हतं. दात असेतो माणूस चावतो, दात गेले की रडतो, आणि कवळी बसली की पुन्हा चावायला मोकळा होतो, असं काहीसं ते मत.

या मतातून कोणी सुटलं नव्हतं, पण जावयाइतकं खोलवर कोणी रुतलंही नव्हतं.

जावई पाणीपट्टीच्या कचेरीत हिशेबनीस होता. माणूस सरळ, पगार घरी आणणारा, आवाज न चढवणारा. कवळीवाल्याला राग यायचा तो त्याच्या आवडींचा. जावयाला जुन्या वस्तूंचं वेड होतं, आणि तेही खऱ्या जुन्या नव्हे, जुन्यासारख्या दिसणाऱ्या नव्या वस्तूंचं. त्याच्या घरात लाकडी पेटीचा रेडिओ होता, त्याची बटणं फिरत पण त्यांनी काहीच होत नसे. गाणी फोनवरून वाजत. भिंतीवर गंजलेली पाटी होती, कारखान्यातून गंजूनच आलेली. आता सहा महिने जावई मोटरसायकलींचे व्हिडिओ बघत होता. मधल्या ताकदीची, गोल दिव्याची, तारांच्या चाकांची, आजोबांच्या काळातली वाटावी अशी. त्याच्या आजोबांकडे सायकलही नव्हती, हे कवळीवाल्याने लग्न ठरवतानाच चौकशी करून ठेवलं होतं.

एका दुपारी मुलगी त्या खोलीत आली. ती घरातल्या गॅलरीत बायकांचे केस कापायची. कोपऱ्यावरचा एक गाळा रिकामा झाला होता आणि मालकाने तिच्यासाठी महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. नवराबायकोची मिळून एकच शिल्लक होती. तीत एक तर गाळ्याची अनामत बसत होती, नाही तर मोटरसायकल.

"मग नाही म्हण की त्याला," कवळीवाला म्हणाला.

"नाही म्हटलं तर तो हो म्हणेल, बाबा. आणि मग वर्षभर तोंड पाडून बसेल. तो भांडत नाही ना, तोच तर ताप आहे." तिने स्टूल ओढलं, त्यावरची धूळ झटकली, आणि झटकून उपयोग नाही हे आठवून तशीच बसली. "मी त्याला एक आकडा सांगितलाय. म्हटलं, एवढ्यात मिळाली तर घे, मी गाळा सोडते. वर एक पैसा गेला तर विषय बंद. त्यालाही पटलंय."

"आणि मिळाली एवढ्यात तर?"

"कुठून मिळतेय! मी सगळीकडे विचारून मगच आकडा सांगितला. बराच खाली आहे. फक्त तो एकटा गेला तर ते लोक त्याला गोड बोलून गुंडाळतील, म्हणून तुम्ही सोबत जा. आणि बाबा, तिथे काही बोलू नका. नुसते उभे राहा. तुम्ही नुसते उभे राहिलात तरी माणसाचा उत्साह मरतो."

कवळीवाल्याला हे कौतुक वाटलं. तो म्हणाला, "तोंडातून शब्द काढणार नाही."

शोरूम म्हणजे एक मोठी काच आणि तिच्यामागे खूप उजेड. जावई नवं तपकिरी जाकीट घालून आला होता, आत घाम गाळत. गाडीचा पत्ता नाही आणि जाकीट आलंसुद्धा, असं कवळीवाल्याच्या मनात आलं. पण त्याने शब्द पाळला आणि ते मनातच ठेवलं. गळ्यात ओळखपत्राचा पट्टा घातलेला विक्रेता पुढे आला. त्याचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते. कवळीवाल्याने त्याला तेवढ्यावरून ओळखून ठेवलं.

तीन गाड्या होत्या. एक काळी, तिची चाकं ओतीव. दुसरी दोन सिलिंडरची, तिचा भाव ऐकूनच जावई तिच्यापासून जरा लांब सरकला. आणि तिसरी हिरवी. थेंबासारखी टाकी, टाकीला गुडघ्यांपाशी रबराच्या गाद्या, शिवणीची तपकिरी सीट, तारांची चाकं. जावई तिच्यासमोर देवळात उभं राहावं तसा उभा राहिला.

"बसून बघा ना सर," विक्रेता म्हणाला. "काळी जास्त सोयीची, टायरला ट्यूब नाही, पंक्चर झालं तरी घरापर्यंत नेते. पण हिच्यात आत्मा आहे."

आत्मा म्हटल्यावर कवळीवाल्याचा जबडा हलला. तरी तो बोलला नाही. जावई सीटवर बसला. त्याचे चवडे टेकत होते, टाचा टेकत नव्हत्या. विक्रेत्याने भाव सांगितला. मुलीच्या आकड्याच्या तो खूपच वर होता. जावयाचा चेहरा उतरला. काम झालं होतं. आता फक्त घरी जायचं होतं.

तेवढ्यात विक्रेता इंजिनकडे बोट करून म्हणाला, "आणि हे कार्बोरेटर बघा, अगदी जुन्या पद्धतीचं."

कवळीवाला वाकला आणि त्याने त्या भागावर नखाने टकटक केली. नखाला लगेच कळलं. असल्या गोष्टी त्याच्या नखाने आयुष्यभर ओळखल्या होत्या.

"हे झाकण आहे," तो म्हणाला. "प्लास्टिकचं. आत काही नाही."

"पेट्रोल आता संगणकच सोडतो ना, काका. हे दिसायला."

"म्हणजे हे नाक आहे, पण श्वास दुसरीकडून."

जावई हसला. "बाबा, तुमच्या कवळ्यांसारखंच की!" त्याला खरोखर छान वाटलं होतं, सासऱ्याशी काहीतरी जुळलं म्हणून.

"माझ्या कवळीने माणूस हाडं चावतो, जावईबापू," कवळीवाला म्हणाला. "हे झाकण काय चावणार?"

इथून पुढे त्याला आवरणं कोणाला शक्य नव्हतं. बाजूचा पत्रा त्याने पत्रा नसल्याचं सिद्ध केलं. टाकीवरची सोनेरी रेघ हाताने ओढलेली नसून चिकटवलेली आहे, हे तिची कड उचलून दाखवलं. चष्मा कपाळावर सरकवून, खिशातलं भिंग काढून तो मागच्या चाकाशी उकिडवा बसला आणि टायरवर उठवलेले चार आकडे वाचले.

"हे टायर गेल्या वर्षीच्या सुरुवातीचं आहे. तुमची आजोबांची गाडी इथेच उभी राहून म्हातारी झाली. वर्षभर कोणी घेतली नाही, आणि आता आत्मा म्हणून विकताय? रबर उन्हाकडच्या बाजूला फिकं पडलंय बघा."

शेजारी काळी गाडी बघायला आलेलं जोडपं आपली गाडी सोडून हिरव्या गाडीच्या मागच्या चाकाकडे बघू लागलं. विक्रेता "एक मिनिट" म्हणून काचेच्या केबिनमध्ये मॅनेजरकडे गेला. परत येऊन हळू आवाजात त्याने नवा आकडा सांगितला. तो बराच खाली आला होता. कवळीवाल्याने तो ऐकलाही नाही. तो सायलेन्सरकडे वळला होता.

"दोन नळकांडी, आणि धूर एकातून. दुसरं कशाला? शोभेला? घरजावई ठेवावा तसं?"

जावयाने मान खाली घातली, पण ओठांच्या कडा हसत होत्या. विक्रेता पुन्हा केबिनमध्ये गेला. या वेळी मॅनेजर स्वतःच बाहेर आला, लठ्ठ, थकलेला, खालच्या दाढा बहुधा नसलेला. त्याने गाडीकडे पाहिलं, जमलेल्या माणसांकडे पाहिलं, आणि कवळीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला घेतलं.

"काका, हात जोडतो. विमा आमच्याकडून, पासिंग आमच्याकडून, आणि हा शेवटचा भाव." त्याने कागदावर लिहून दाखवला. "याच्याखाली गेलो तर मला नोकरीच विकावी लागेल. तुमच्यासारखं गिऱ्हाईक वर्षातून एकदा येतं. ज्याला घ्यायची नसते, तो हँडल हलवून पाच मिनिटांत चहा प्यायला जातो. घेणाराच इतकं बघतो."

कवळीवाल्याने कागद वाचला. आकडा मुलीच्या आकड्याच्या खाली होता. फार नाही, पण खाली.

तेव्हा त्याला पुढच्या दवाखान्यातले डॉक्टर आठवले. रंग जमला नाही, टाळूला जाड लागते, असं म्हणत ते त्याच्या कवळीला हजार नावं ठेवायचे, बिल कापायचे आणि कवळी संध्याकाळी रोग्याच्या तोंडात बसवायचे. एकानेही ती कधी परत पाठवली नव्हती. आयुष्यभर ज्यांना त्याने मनातल्या मनात चोर म्हटलं, त्यांचीच विद्या त्याने आज फुकटात, आणि नेमकी स्वतःच्या लेकीच्या मुळावर वापरली होती.

अजूनही सांगता आलं असतं. लेकीने मला नाही म्हणायला पाठवलंय, तिचा गाळा जातोय, एवढी दोन वाक्यं. जावई सज्जन होता. त्याने गाडीवरचा हातही काढून घेतला असता. पण मॅनेजर त्याच्याकडे आदराने बघत होता, शेजारचं जोडपं आदराने बघत होतं, चढलेल्या दातांचा विक्रेतासुद्धा. इतकी माणसं एकदम त्याला मान देत आहेत, असं आधी कधी झालं नव्हतं. ज्यांना तो कस्पटासमान लेखायचा त्यांच्याच नजरेत त्याला असं ऊबदार बसायला मिळालं, आणि तिथून उठवेना. त्याने कागदाची घडी घातली आणि म्हणाला, "हेल्मेट?"

"हेल्मेट पण देतो," मॅनेजर म्हणाला.

जावयाने तिथूनच बायकोला फोन लावला. त्याचा आवाज पोरासारखा झाला होता. "अगं, बसली! तुझ्या आकड्यात बसली! मी तर परत निघालो होतो. सगळं बाबांनी केलं, तू बघायला हवं होतंस, त्यांनी मॅनेजरला अक्षरशः... हॅलो? ऐकतेयस ना?" मग जरा थांबून त्याने फोन पुढे केला. "तुमच्याशी बोलायचंय म्हणते."

कवळीवाल्याने फोन कानाला लावला.

"मी काय सांगितलं होतं, बाबा?"

"बोलू नका म्हणाली होतीस."

"मग?"

त्याने गाडीकडे पाहिलं. विक्रेता फडक्याने टाकीवरचे त्याच्या बोटांचे ठसे पुसत होता.

"ते फार सांगत होते गं," तो म्हणाला. "तेवढ्याची नव्हती ती."

तिकडून फोन बंद झाला. सगळे त्याच्याचकडे बघत होते, म्हणून तो फोन तसाच कानाला धरून उभा राहिला, आणि मधूनमधून "हो, हो" म्हणत मान हलवत राहिला.