मला कुठे तमिळ येतं?

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. तुम्हाला सांगतेय — पण नाकं मुरडायची असतील तर इथेच थांबा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोपरखैरण्याला आमच्या बैठ्या घराला लागून वसंता राहायची. तमिळ, सोवळ्याओवळ्याचं घर, सासू कडक. आणि वसंता? ती माटुंग्याहून फुलांच्या पुड्याखाली लपवून तमिळ पॉकेट बुकं आणायची. कव्हरवर ओल्या साडीतली बाई, आत खून, चोरटं प्रेम, टायपिंग क्लासच्या मास्तरांबरोबर पळालेली विधवा. रोज दुपारी माझ्याकडे बसून मोडक्यातोडक्या मराठीत मला सांगायची. मी भाजी निवडत ऐकायचे. चावट भाग आला की ती पानं उलटायची — मी म्हणायचे, थांब, नीट वाच. लाज? अजिबात नाही. आजही कोणी वाचलं तर ऐकेन. आमचे पुरुष भाड्याच्या व्हिडिओवर काय बघायचे, ते कोणी विचारलं होतं?

बुकं माझ्याकडेच असायची, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. आमच्या घरात ती अक्षरं कोणाला कळणार?

नवरात्रात त्यांच्याकडे बाहुल्या मांडतात. डबे, खोकी रचून पायऱ्या करायच्या, वर पांढरं धोतर. वसंताच्या सासूबाईंनी आमच्याकडे डबे मागितले. मी बाजारात होते. नवऱ्याने नेमका तोच डबा न उघडताच उचलून दिला.

मी आले तेव्हा बुकं त्यांच्या दारात पसरलेली, चार बायका जमलेल्या, वसंता मान खाली घालून उभी. सासूबाईंनी मला विचारलं, ही घाण तुझ्या घरात कशी?

आणि मी — काय म्हणाले असेन?

"वसंतानेच ठेवायला दिली. मला वाटलं देवाची असतील. मला कुठे तमिळ येतं?"

शेवटचं वाक्य खरं होतं. म्हणूनच तर सगळं खपलं.

वसंताने माझ्याकडे पाहिलं. एका शब्दात मला उघडं पाडू शकली असती. म्हणाली, "बरोबर. हिला काय माहीत नाय."

बुकं बंबात गेली. वसंताचं माटुंग्याला जाणं बंद झालं, माझ्याकडे येणंही. वर्षभरात ते खांदेश्वरला गेले.

मी भित्री होते. दुसरं काही नाही.

त्याच नवरात्रात सासूबाईंनी मला हळदीकुंकवाला बोलावलं — त्यांच्या लेखी मी भोळी, फसवली गेलेली. मी गेले. बाहुल्यांच्या पायरीखाली माझा डबा होता, रिकामा. वसंताने मला कुंकू लावलं, हातावर प्रसादाचं सुंडल, चण्यांची कोरडी उसळ, ठेवलं. मी ते खाल्लं.